किती मोठा ते कळलं, पण लिहिलंय काय?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात एक मराठी शिलालेख आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक झालंय. त्याच्याबद्दल आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट मात्र एकच: तो फार मोठा आहे. कुठलाही मराठी ट्रॅव्हल व्लॉग लावा. निवेदक 'जगातला सर्वांत मोठा' असं काहीतरी म्हणतो, कॅमेरा भिंतीवरून डावीकडून उजवीकडे फिरतो, मागे ढोलताशा वाजतो. पुढचा थांबा सांबार. संभाजी या नावावरून सांबार कसं आलं ही गोड गोष्ट सांगून होते आणि 'सबस्क्राइब करा' येतं.

एखाद्यानं पुस्तकाबद्दल फक्त त्याचं वजन सांगितलं, तर त्यानं ते वाचलंय असं आपण म्हणणार नाही. तंजावरच्या लेखाबाबत आपलं नेमकं तेच झालंय. आपण तो मोजतो, त्याच्यासमोर फोटो काढतो, छाती फुगवतो. वाचत मात्र नाही.

मी इतिहासकार नाही. पुण्यात कोड लिहून पोट भरतो, मोडी मला येत नाही. पण या लेखासाठी मोडी लागतही नाही. तो देवनागरीत आहे, गद्य मराठीत आहे. जुन्या भाषेच्या आणि नावांच्या गर्दीत अडखळायला होतं, पण अडखळत का होईना, वाचता येतो. नाव 'भोसले वंश चरित्र'. दुसरे सरफोजी राजे यांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबुराव यांनी तो रचला. साल १८०३, महिना डिसेंबर. ही तारीख लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येऊ.

हा लेख म्हणजे एक साहित्यकृती आहे असं धरून तिच्याबद्दल बोलायचं, एवढाच माझा प्रयत्न आहे. ती कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली, तिच्यात काय आलं आणि काय राहून गेलं?

आधी खालचं वाचू

मराठी लेखाकडे जाण्याआधी मंदिराच्या पायथ्याशी थांबायला हवं. कारण ही भिंत कोरी पाटी नव्हती. सरफोजींच्या आठशे वर्षं आधी इथं दुसरा एक राजा लिहून गेला होता.

राजराज चोळानं हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण केलं. ग्रॅनाइटचं, साठ मीटरहून उंच विमान. त्या विमानाच्या पायथ्याभोवती तमिळमध्ये ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. 'पोन्नियिन सेल्वन' बघून आलेल्या माणसाला वाटेल, युद्धं असतील, जयघोष असतील. तेही थोडं आहे. पण मुख्य मजकूर आहे हिशेबाचा. आम्ही काय दिलं, आमच्या थोरल्या बहिणीनं काय दिलं, राण्यांनी काय दिलं, इतरांनी काय दिलं, ते सगळं दगडावर कोरा, असा राजाचा हुकूमच तिथं नोंदवलेला आहे. विमानाच्या शिखरावरचा कलश राजानं कधी दिला? राज्याच्या २५ व्या वर्षाच्या २७५ व्या दिवशी. सोन्याच्या वस्तूंची वजनं आहेत आणि ती कुठल्या मापानं केली तेही आहे. चोळ राज्यातल्या वेगवेगळ्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत. प्रत्येकीचं मूळ देऊळ कोणतं, तंजावरात तिला कुठल्या रांगेतलं कितवं घर दिलं, हेही आहे. वर्षाला प्रत्येकी शंभर कलम भात. पुढे वादक, हिशेबनीस, शिंपी, परीट, न्हावी, ज्योतिषी.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा सर्व्हरचा लॉग आहे. टाइमस्टॅम्पसकट. भावना नाही, अलंकार कमी, पण कोण आलं, काय केलं, काय मिळालं याची नोंद पक्की.

माझ्यासोबत ऑफिसातली एक मैत्रीण होती. ती मूळची कुंभकोणमची, सुट्टीत घरी आली होती, म्हणून एक दिवस तंजावरला आली. चोळांच्या काळातली तमिळ लिपी तिला सरळ वाचता येत नाही, पण मधूनच एखादं अक्षर ओळखीचं निघायचं आणि ती दगडापासून इंचभर अंतरावर बोट धरून ते उच्चारायची. नंतर मी तिला मराठी लेखापाशी नेलं आणि दिसेल तसा वाचून त्याचा अर्थ सांगत गेलो. अमक्याचा पुत्र अमका, त्याचा पुत्र तमका. पंधरा मिनिटांनी तिनं तिच्या पुणेरी-तमिळ मराठीत विचारलं, "यात लोक कुठे आहेत?"

समीक्षेचा पहिला प्रश्न तिनंच विचारला, असं मला वाटतं.

'आमच्याविषयी'

राजराजाचा लेख लॉग असेल, तर भोसल्यांचा लेख म्हणजे वेबसाइटवरचं 'आमच्याविषयी' हे पान. आम्ही कोण, कुठून आलो, आमचं घराणं किती जुनं. बाज बखरीचा आहे. कथेचा कणा एकच: वंश. मालोजी, शहाजी, मग तुकाबाईंच्या पोटचे व्यंकोजी, आणि व्यंकोजींपासून तंजावरच्या गादीवर बसलेले राजे, थेट सरफोजींपर्यंत.

इतिहासाचं साधन म्हणून अभ्यासक या लेखाकडे जपूनच बघतात, कारण त्यातला कालक्रम ठिकठिकाणी गडबडलेला आहे. पण साहित्य म्हणून बघितलं तर एक गोष्ट पटकन जाणवते. महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्यासाठी व्यंकोजी म्हणजे शिवाजी महाराजांच्या गोष्टीतलं एक दुय्यम पात्र. सावत्र भाऊ. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात महाराज कोळ्ळिडम नदीकाठी त्यांना भेटले, वडिलांच्या दौलतीतला वाटा मागितला, जमलं नाही, एवढ्यात व्यंकोजींचं काम संपतं. इथं तसं नाही. इथं व्यंकोजी मूळपुरुष आहेत. १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतलं नसतं, तर ही गादी नाही, हा लेख नाही. म्हणजे हा लेख मराठी इतिहास रायगडावरून सांगत नाही, कावेरीच्या काठावरून सांगतो. केंद्र हललं की तीच माणसं वेगळी दिसायला लागतात. या लेखाचा मोठेपणा शोधायचाच असेल, तर तो मला इथं सापडतो.

उणीवही तेवढीच ठळक आहे. व्यंकोजींबरोबर आणि त्यांच्यामागून किती माणसं खाली आली असतील? शिलेदार, कारकून, आचारी, कीर्तनकार, भटभिक्षुक, त्यांच्या बायका. रामदासी मठ तंजावरात स्थिरावले. मराठी कीर्तनाच्या वळणानं तमिळ हरिकथेचं रूप बदललं. ही सगळी माणसं या वंशकथेच्या बाहेर राहतात. राजराजाच्या दगडावर परटाला जागा आहे. सरफोजींच्या दगडावर जागा मिळण्यासाठी राजाच्या घरात जन्म घ्यावा लागतो.

पण राजराजाला उगाच लोकशाहीवादी करायचं कारण नाही. चारशे बायकांना आपापल्या गावाहून उचलून राजधानीत आणलं, हे तो दगड सांगतो. त्यांना यायचं होतं का, हे सांगत नाही. नोंद ठेवणं म्हणजे माणसाला मोठं करणं नव्हे. पुष्कळदा तो ताब्यात ठेवण्याचा मार्ग असतो. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं.

तारखेत दडलेलं

आता डिसेंबर १८०३.

त्या वर्षी महाराष्ट्रात काय चाललं होतं? दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. २३ सप्टेंबरला असईची लढाई, २९ नोव्हेंबरला अडगावची. डिसेंबरच्या मध्याला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला, ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा. म्हणजे उत्तरेत मराठ्यांची सत्ता मोडून पडत होती, त्याच महिन्यात दक्षिणेत एक मराठा राजा आपल्या घराण्याची कीर्ती दगडात पक्की करत होता.

आणि तंजावरात? तिथली सत्ता चार वर्षांपूर्वीच गेली होती. ऑक्टोबर १७९९ च्या तहानं सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीला दिला. हातात राहिला तंजावरचा किल्ला, महसुलातला वाटा आणि राजा हा किताब. लेख कोरला गेला तेव्हा सरफोजी राज्य करत नव्हते. ते किल्ल्यात राहत होते.

आणखी एक आकडा. सरफोजींचा जन्म १७७७ चा. डिसेंबर १८०३ मध्ये ते २६ वर्षांचे होते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. या वयाचा माणूस शिलालेख कोरायला सांगतो तेव्हा तो आयुष्याचा समारोप करत नसतो. त्याला काहीतरी सिद्ध करायचं असतं.

काय सिद्ध करायचं होतं, तेही उघड आहे. सरफोजी दत्तक होते. तुळजाराजांनी १७८७ मध्ये मृत्यूच्या तोंडावर त्यांना दत्तक घेतलं, तेव्हा ते जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते. पंडितांचं मत मागवण्यात आलं, दत्तकविधान अवैध ठरलं आणि तुळजांचे सावत्र भाऊ अमरसिंग गादीवर आले. सरफोजींना श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यानं सांभाळलं, शिकवलं. पुढे पंडितांकडून पुन्हा मत घेतलं गेलं, ते उलट निघालं आणि १७९८ मध्ये कंपनीनं सरफोजींना गादीवर बसवलं. 'तू या घरातला आहेस की नाही' हा प्रश्न या मुलाच्या डोक्यावर अकरा वर्षं टांगलेला होता. आणि निकाल देणारं शेवटी कोण, तर कंपनी.

हे कळल्यावर ती सगळी अमक्याचा-पुत्र-तमका माळ वेगळीच ऐकू येते. ज्याच्या वंशाबद्दल कुणी शंका घेतली नाही, त्याला वंशावळ भिंतीवर कोरायची गरज पडत नाही. आपण ज्याला विजयाचा लेख समजून सेल्फी काढतो, तो मला दाखल्यासारखा वाटतो. तलवार गेलेल्या, दत्तक ठरलेल्या, सव्वीस वर्षांच्या राजानं तयार केलेला आपल्या असण्याचा दाखला.

तो उपयोगी पडला का? नाही. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी राजे पुरुष वारसाशिवाय वारले आणि कंपनीनं गादीच संपवली. कारण पुन्हा वंश हेच.

याच सरफोजींचा दुसरा एक शिलालेख शेजारी ठेवून बघावा. तंजावरहून समुद्राकडे गेलं की मनोरा नावाचा छोटा किल्ला लागतो. अनेक मजल्यांचा षट्कोनी बुरूज, १८१४ च्या सुमाराचा. कशासाठी बांधला? नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. तिथले लेख मराठी, तमिळ, तेलुगू, इंग्लिश अशा अनेक भाषांत आहेत आणि राजा स्वतःला इंग्रजांचा मित्र म्हणवतो. बृहदीश्वराचा लेख स्वतःच्या माणसांसाठी आहे, मनोऱ्याचा मालकासाठी. पहिल्यात ताठ मान, दुसऱ्यात झुकलेली. दोन्ही मिळून एक माणूस होतो. आपण मात्र पहिल्याचाच फोटो काढतो.

जिंजीतली बखर

हे सरफोजींपुरतंच नाही. सभासदाची बखर आठवा. शिवाजी महाराजांचं चरित्र सांगणारी ही सुरुवातीची महत्त्वाची बखर. ती पुण्यात लिहिली गेली नाही, साताऱ्यात नाही, रायगडावर तर नाहीच. कृष्णाजी अनंत सभासद यांनी ती १६९० च्या दशकात राजाराम महाराजांसाठी जिंजीच्या किल्ल्यात लिहिली. जिंजी आजच्या तमिळनाडूत आहे. तेव्हा रायगड पडला होता, संभाजी महाराज मारले गेले होते, शाहू मोगलांच्या कैदेत होते आणि झुल्फिकारखान जिंजीला वर्षानुवर्षं वेढा घालून बसला होता.

म्हणजे मराठ्यांनी आपली गोष्ट सांगणारे हे दोन मोठे मजकूर तमिळ मुलखात लिहिले आणि तेही पाय डळमळत असताना. घरापासून लांब आणि कोंडीत सापडल्यावर माणूस 'आपण कोण' हे लिहायला बसतो. परदेशात गेलेल्या आपल्या मित्रांना अचानक गणपतीच्या आरत्या का पाठ व्हायला लागतात, त्याचं हेच मोठ्या प्रमाणावरचं रूप आहे. हे मजकूर ताकदीचे आहेतच, पण ती ताकद भीतीतून आलेली आहे. त्यांना नुसती ढोलताशाची साथ दिली की ही बाजू ऐकूच येत नाही.

कुणी कुणाला जिंकलं?

अभिमानाच्या वाचनाची दुसरी अडचण म्हणजे ते एकेरी असतं. 'आपला झेंडा तंजावरपर्यंत' हे आपण सांगतो. पण त्याच मंदिराच्या पायथ्यावर राजराजानं जिंकलेल्या देशांत इरट्टपाडीचं नाव आहे. म्हणजे राष्ट्रकूटांचा आणि नंतर चालुक्यांचा दख्खन, ज्यात आजच्या महाराष्ट्राचाही मोठा भाग येतो. चालुक्य राजा सत्याश्रयाला हरवून आणलेल्या संपत्तीतून सोन्याची फुलं करून देवाला वाहिली, अशीही नोंद आहे. तेव्हा भिंतीवरचा मराठी लेख बघून छाती फुगवायची असेल, तर पायथ्याशी बसून थोडं वाईटही वाटून घ्यायला हवं. हजार वर्षांपूर्वीच्या चोळांवर पुण्यात कुणी चिडत नाही, आणि ते बरंच आहे. तोच समजूतदारपणा उलट दिशेनंही दाखवता आला पाहिजे.

आणि झेंड्यापेक्षा मोलाचं काहीतरी तंजावरात घडलं होतं. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे (१६८४ ते १७१२) यांनी मराठी नाटकं लिहिली, विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतल्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'च्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी. मराठी रंगभूमीची सुरुवात कुठून धरायची हा वाद त्यातूनच येतो. पण हाच राजा तेलुगूतही लिहीत होता, कारण नायकांच्या काळापासून ती दरबारी साहित्याची भाषा होती. त्याचं 'पंचभाषाविलास' हे नाटक तर तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषांत आहे. पाहुणा म्हणून आलेल्या घराण्यानं दुसऱ्याच पिढीत यजमानांच्या भाषा आपल्या केल्या आणि आपलीही सोडली नाही. तमिळनाडूत आजही तंजावरी मराठी बोलणारी घरं आहेत. बृहदीश्वरासह ८८ मंदिरांच्या देवस्थानाचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही भोसले घराण्याकडे आहे.

हे सगळं पुण्यात बसून लिहिताना एक गोष्ट टोचते. माझी कुंभकोणमची मैत्रीण सहा वर्षं इथं राहते. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी मोडकंतोडकं मराठी बोलते, 'ळ' मात्र आमच्यापेक्षा स्वच्छ काढते. तरी तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इथं राहायचं तर…' नं सुरू होणारे मेसेज येतच असतात. पाठवणाऱ्यांपैकी एका काकांच्या डीपीवर तंजावरचा मराठी शिलालेख आहे. दुसऱ्याच्या देवळावर आपली भाषा कोरून साडेतीनशे वर्षं नांदलेल्या लोकांचे आपण वारस आहोत. तो लेख नुसता मोठा म्हणून मिरवला, तर काकांच्या डीपीत आणि त्यांच्या मेसेजमध्ये काही विसंगती दिसत नाही. तो वाचला, तर दिसते.

मग करायचं काय?

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर नाही, पण तंजावरात आहे. मंदिरापासून जवळच, राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. सरफोजींनी आयुष्यभर वाढवलेला संग्रह. तिथं हजारो मराठी पोथ्या आहेत आणि दरबाराच्या रोजच्या व्यवहाराचे मोडी कागदही. कुणाला किती पगार, कुठल्या सणाला किती खर्च, कुठल्या वैद्याला कसलं औषध. म्हणजे मराठ्यांचाही लॉग आहे. तो दगडावर नाही, कागदावर आहे. भिंतीवर फक्त 'आमच्याविषयी' लावलंय आणि आपण तेवढंच बघून परत येतो. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे, मोडी वाचणाऱ्या तरुणांची संख्या वाढवणं काही अशक्य नाही.

आणि भिंतीसाठी माझी मागणी एका इंजिनिअरला शोभेल इतकी साधी आहे. 'भोसले वंश चरित्र' ओळीगणिक फोटो, युनिकोडमधला पाठ, आजच्या मराठीत अर्थ आणि जिथं कालक्रम चुकलाय तिथं टीप, अशा रूपात फोनवर वाचता यावं. शेजारच्या टॅबमध्ये राजराजाचे लेख मराठी भाषांतरात असावेत. त्यांचं संपादन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुल्त्श या अभ्यासकानं सुरू केलं आणि मंदिर कुणी बांधलं हे जगाला पुन्हा कळलं ते त्या वाचनामुळेच. तोवर खुद्द बांधणाऱ्याचं नाव त्याच भिंतींवर कोरलेलं असूनही विसरलं गेलं होतं. दगडावर कोरलेलंही न वाचता विसरलं जातं, याचा याहून मोठा पुरावा नको.

तोवर तंजावरला जाल तेव्हा एक करा. आधी विमानाच्या पायथ्याला एक चक्कर मारा, चारशे घरांचे नंबर इथं कुठंतरी आहेत हे मनात ठेवून. मग मराठी लेखापाशी जा. फोन खिशात ठेवा, बोटानं एक ओळ धरा आणि हळूहळू मोठ्यानं वाचा. शेजारी कुणी तमिळ माणूस उभं राहून ऐकत असेल, तर त्याला अर्थ सांगा. त्याला काय वाटतं तेही विचारा.